कोरियातल्या थडग्यांमधली चित्रं: रंगाच्या आधी हवा सांभाळावी लागते

"कोरियातल्या प्राचीन थडग्यांच्या आत भिंतींवर चित्रं आहेत असं वाचलं. त्यांचा अभ्यास कसा करतात आणि ती टिकवतात कशी? अजिंठ्याला जे करतात तेच तिथेही करायचं का? आणि तिथे जाणं जमत नसेल तर इथे बसून काही करता येईल का?" असं पुरातत्त्व शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. मी तेवीस वर्षं भित्तिचित्रांच्या संवर्धनाचं काम करते आहे आणि त्यातला बराच काळ बंदिस्त, दमट जागांमधली चित्रं हाच माझा विषय राहिला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी अजिंठ्याचं. नाही, तसं करून चालणार नाही. अजिंठ्याची लेणी माणसांनी वावरण्यासाठी कोरलेली होती. दारातून उजेड येई, भिक्षू राहत, दिवे लागत. तिथल्या भिंतींनी दीड हजार वर्षं पावसाळा आणि उन्हाळा आलटून पालटून सोसला आहे. कोरियातलं थडगं याच्या नेमकं उलट आहे. दगडी खोली बांधली, चित्रकार आत जाऊन रंगवून आले, मृत व्यक्तीला आत ठेवलं, दार दगडाने बंद केलं आणि वर मातीचा टेकाडाएवढा ढीग रचला. ही चित्रं पुन्हा कुणा जिवंत माणसाने पाहावीत अशी अपेक्षाच नव्हती. आत कायमचा अंधार, तापमान वर्षभर जवळजवळ एकच, आणि हवेत मावेल तितका ओलावा. रंग, चुना, दगड आणि हवा यांचा चौदा-पंधरा शतकांत एक समतोल बसला. दार उघडतं त्या दिवशी तो मोडतो. म्हणून या क्षेत्रात भिंतीच्या आधी हवेकडे पाहायला शिकावं लागतं. माझ्या साऱ्या उत्तराचा कणा हाच आहे.

ही थडगी आहेत कुठे? बहुतेक चित्रं गोगुर्यो या राज्याची. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकापासून ६६८ पर्यंत हे राज्य कोरियाच्या उत्तर भागात आणि आजच्या ईशान्य चीनमध्ये होतं. त्याची मधली राजधानी आज चीनच्या जीलिन प्रांतात, यालू नदीकाठच्या जीआन या गावी आहे. ४२७ मध्ये राजधानी प्योंगयांगला हलली. गोगुर्योची दहा हजारांहून अधिक थडगी माहीत आहेत आणि त्यांतल्या जेमतेम शंभराच्या आसपास थडग्यांत चित्रं आहेत. २००४ मध्ये सूचाऊ इथल्या जागतिक वारसा समितीच्या एकाच बैठकीत उत्तर कोरियातली ६३ थडगी आणि चीनमधल्या गोगुर्यो राजधान्या व थडगी अशा दोन वेगळ्या नोंदी झाल्या. उत्तर कोरियाच्या त्रेसष्टांपैकी सोळांत चित्रं आहेत. दक्षिण कोरियात अशी थडगी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, पण संवर्धन शिकायचं तर त्यांच्याकडूनच जास्त शिकायला मिळतं. त्याकडे पुढे येते.

अभ्यासाची सुरुवात मी नेहमी लिखाणापासून करायला सांगते, कारण चित्रशैलीवरून काळ ठरवणं म्हणजे वाळूवर घर बांधणं. उत्तर कोरियात १९४९ मध्ये सापडलेलं आनाक क्रमांक ३ हे थडगं पाहा. एका बाजूच्या खोलीच्या दारालगत शाईने लिहिलेल्या सात ओळी आहेत. दोंग सू नावाचा अधिकारी ६९ व्या वर्षी वारला असं त्यात म्हटलं आहे. तारीख दिली आहे ती चिनी 'योंगह' या कालगणनेच्या तेराव्या वर्षाची, म्हणजे ३५७ ची. गंमत अशी की योंगह बाराव्या वर्षीच संपलं होतं. चीनच्या दरबाराने नवी गणना सुरू केली होती, पण ती बातमी लिहिणाऱ्यापर्यंत पोचलीच नव्हती. एका चुकीच्या आकड्यावरून त्या माणसाचं दरबारापासूनचं अंतर कळतं. याच थडग्यात अडीचशेहून अधिक माणसांची मिरवणूक रंगवली आहे: घोडेस्वार, भालाईत, वाद्यं वाजवणारे, मधोमध बैलगाडीत बसलेला मालक. तो मालक दोंग सू की गोगुर्योचा एखादा राजा, हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला दोंग सू पटतो, कारण भिंतीवर नाव त्याचं आहे.

दुसरं उदाहरण उत्तर कोरियातल्याच दोकहुंग-री थडग्याचं, १९७६ मध्ये सापडलेलं. तिथे भिंतींवर सगळी मिळून सहाशेच्या आसपास अक्षरं आहेत. जिन नावाचा हा अधिकारी ७७ व्या वर्षी गेला आणि चांद्र पंचांगाने ४०८ च्या शेवटी त्याला तिथे ठेवलं. तेरा प्रांताधिकारी त्याच्यासमोर वाकून उभे आहेत आणि प्रत्येकाशेजारी त्याचं पद लिहिलं आहे. छतावर आकाशगंगेच्या दोन तीरांवर गुराखी आणि विणकरीण, म्हणजे श्रवण आणि अभिजित हे तारे, एकमेकांचा निरोप घेताना दिसतात. आणि त्याच लेखात जिन स्वतःला शाक्यमुनी बुद्धाचा शिष्य म्हणवतो. गोगुर्योच्या राजाने बौद्ध धर्म स्वीकारला तो ३७२ मध्ये. म्हणजे अवघ्या छत्तीस वर्षांत एक सरकारी अधिकारी आपल्या थडग्याच्या भिंतीवर ही ओळख लिहून घेतो. हे वाचलं की मला दर वेळी थांबावं लागतं.

एवढे पक्के खुंट हाती असले की मग शैलीकडे वळावं. ढोबळ क्रम असा: चौथ्या-पाचव्या शतकात मालकाचं चित्र, घरदार, शिकार, मिरवणूक, मग कमळं आणि नक्षी, सहाव्या शतकाच्या मध्यानंतर सातव्याच्या सुरुवातीपर्यंत चार दिशांचे चार रक्षक. पूर्वेला निळा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला शेंदरी पक्षी आणि उत्तरेला कासव व त्याला विळखा घातलेला साप. उत्तर कोरियातल्या गांगसोच्या मोठ्या थडग्यातले रक्षक पाहिले की हा क्रम कुठे पोचला ते समजतं. कासव-सापाची ती रेषा ताणलेल्या धनुष्यासारखी आहे. छतं पाहायलाही विसरू नका. आपल्याकडच्या यादवकालीन मंदिरांत चौकोनावर तिरका चौकोन ठेवत वर चढत गेलेलं छत तुम्ही पाहिलं असेल. तशीच रचना काश्मीरच्या पांद्रेठाण मंदिरात आहे, बामियानला आहे आणि गोगुर्योच्या थडग्यांतही. ती नेमकी कोणत्या वाटेने कुठे गेली याबद्दल सरळ रेषा ओढू नका. दगड कमी आणि खोली रुंद असली की गवंडी ठिकठिकाणी त्याच उत्तरापाशी येऊ शकतो.

आता साहित्य. इथे दोन गोष्टी सतत वेगळ्या ठेवायच्या: चुन्याच्या गिलाव्यावरचं चित्र आणि थेट दगडावरचं चित्र. गिलाव्यावरून दगडाकडे असा काळाचा क्रम पुस्तकांत असतो, आणि गांगसोसारख्या उशिराच्या थडग्यांत घासून गुळगुळीत केलेल्या ग्रॅनाइटवर खरोखरच सरळ रंग दिला आहे. पण आनाक ३ हे सगळ्यांत जुन्यांपैकी असूनही तिथे दगडावरच काम आहे. त्यामुळे थडगं पाहून ठरवा, शतक पाहून नको. रंग खनिजांचे: लालसाठी हिंगूळ आणि गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, हिरव्यासाठी तांब्याचं खनिज, पांढऱ्यासाठी शिशाचा सफेदा, काळ्यासाठी काजळीची शाई. भिंतीला हात न लावता क्ष-किरणांच्या हातातल्या यंत्राने यांतलं बरंच ओळखता येतं. लाल ठिपक्यात पारा दिसला तर हिंगूळ, लोह दिसलं तर गेरू. काजळी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून डोळ्याला पुसट झालेली शाईची रेषा अवरक्त छायाचित्रात पुन्हा उमटते. मृताचं नाव अशा रीतीने सापडू शकतं, म्हणून हे छायाचित्र पहिल्याच दिवशी घ्यावं.

रंग भिंतीला धरून कशाने राहिला हा मात्र अवघड प्रश्न आहे. ओल्या चुन्यावर रंगवलं की सुकल्यावर सरसाने लावलं? एका थडग्याचं उत्तर शेजारच्याला लागू होत नाही. इतक्या ओलाव्यात सरस शतकानुशतकं टिकणं कठीण, जंतू तो खातात. त्यामुळे आज रंग केवळ वर साचलेल्या चुन्याच्या पातळ थरामुळे धरला गेला असेल, अशीही जागा असते. हा थर म्हणजे पाण्यातून झिरपलेला चुना पृष्ठभागावर येऊन घट्ट झालेला पांढुरका पडदा. नवशिक्याला तो मळ वाटतो आणि पुसावासा वाटतो. त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा. कित्येकदा त्याच पडद्याने चित्र धरून ठेवलेलं असतं.

मी इथे स्वतःची एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका जुन्या वाड्याच्या तळघरात रंगाचे पोपडे सुटत होते. मी पाठ केल्याप्रमाणे द्रावणात विरघळवलेली राळ ब्रशने लावली. भिंत आतून ओली होती. दोन दिवसांत त्या जागी दुधासारखा पांढरा डाग उमटला. राळेखाली ओलावा अडकला होता. तो काढायला मला महिना लागला आणि थोडा रंग गेला तो गेलाच. ओल्या भिंतीला बंद करणारं काहीही लावायचं नाही, हे मी तिथे शिकले. अजिंठ्यालाही १९२० ते १९२२ या काळात आलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी त्या काळच्या समजुतीनुसार लाखेचं वार्निश लावलं. त्यांनी सुटलेला गिलावा बसवून बरंच वाचवलं हे खरं, पण लाख पिवळी-तपकिरी झाली आणि ती काढण्यात पुढच्या पिढ्यांची वर्षं गेली. थडग्यात तर असं वार्निश याहून लवकर दगा देईल.

पाणी नेमकं काय करतं ते नीट समजून घ्या. उन्हाळ्यात बाहेरची गरम, दमट हवा थंड खोलीत शिरली की भिंतीला घाम फुटतो. दगडावर थेट रंगवलेल्या चित्रांवरून ते थेंब ओघळतात. जीआनच्या वूखुईफन समूहातल्या पाचव्या थडग्यात पर्यटकांना सोडलं जातं आणि तिथल्या भिंतींवरचं पाणी हा अनेक वर्षांचा काळजीचा विषय आहे. हिवाळ्यात उलट होतं. कोरडी हवा आत येते, दगडातलं आणि गिलाव्यातलं पाणी पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि सोबत आलेले क्षार तिथेच साचतात. आपल्या जुन्या घरांच्या भिंतींना लोणा लागतो, तोच प्रकार. लोणा रंगाच्या मागे फुलला की रंग पुढे ढकलला जातो. त्यात वर टेकाडावर उगवलेल्या झाडांची मुळं सांध्यांतून आत येतात, दिव्याच्या उजेडावर शेवाळ वाढतं आणि माणसाच्या श्वासाने ओलावा व कर्बवायू दोन्ही वाढतात. काही ठिकाणी चित्रांसमोर काचेचे पडदे बसवले आहेत. स्पर्शापासून संरक्षण होतं, पण काच आणि भिंत यांच्यामध्ये हवा कोंडली तर तिथेच बाष्प धरतं. पडदा हवाच असेल तर खालून-वरून वारा खेळता राहिला पाहिजे.

आता दक्षिण कोरियातल्या गोंगजूकडे वळते, कारण ती जागा हा सारा विषय एका टेकडीवर दाखवते. हे बेक्जे या, गोगुर्योच्याच काळात कोरियाच्या नैऋत्येला असलेल्या राज्याच्या राजघराण्याचं दफनस्थान. तिथलं क्रमांक ६ चं थडगं विटांचं आहे. चार रक्षकांची चित्रं काढायची होती तेवढ्याच जागी विटांवर गिलाव्याचे तुकडे लावले आणि त्यांवर रंगवलं. बाकी विटा उघड्याच. दमट विटेवरचा असा तुकडा किती नाजूक असेल ते सांगायला नको. पाचव्या आणि सहाव्या थडग्यांत पाणी झिरपत होतं म्हणून १९७१ च्या जुलैत त्यांच्या मागे चर खणायला घेतला, आणि कुदळ लागली ती आजवर कुणी न उघडलेल्या एका थडग्याच्या विटांना. ते होतं राजा मुर्योंगचं. ५२३ मध्ये वारलेल्या या राजाचं नाव आतल्या शिळेवर कोरलेलं होतं. कोरियाच्या पुरातत्त्वातला हा मोठ्यातला मोठा शोध, पण बातमी फुटली, गर्दी जमली आणि आतल्या वस्तू एका रात्रीत बाहेर काढल्या गेल्या. कोणती वस्तू नेमकी कुठे होती याची पुरेशी नोंद झाली नाही. उत्खननाचे प्रमुख किम वोन-योंग यांनी पुढे याबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. चित्रांवरचं पाणी हटवण्यासाठी सुरू केलेलं काम होतं ते! पुढे ही थडगी लोकांसाठी खुली राहिली, गळती, बाष्प आणि शेवाळ वाढत गेलं, आणि १९९७ मध्ये ती कायमची बंद केली. आज तिथे गेलात तर शेजारच्या दालनात मूळ आकाराची प्रतिकृती पाहायला मिळते. लोक हिरमुसतात. मला वाटतं हा निर्णय पहिल्याच वर्षी व्हायला हवा होता.

दक्षिणेतल्या बाकीच्या थडग्यांबद्दल थोडक्यात: बुयोजवळ नुंगसान-रीत गुळगुळीत दगडांवर रक्षक आणि छतावर कमळं-ढग, गोर्योंगला गोआ-रीच्या छतावरची कमळं, आणि योंगजूच्या सुनहुंगमध्ये १९८५ मध्ये सापडलेलं थडगं, ज्याच्या वाटेवर हातात साप धरलेला पहारेकरी उभा आहे. सुनहुंग सिल्ला राज्याच्या हद्दीत असूनही चित्रं गोगुर्योच्या धाटणीची आहेत, म्हणून सीमाप्रदेशाच्या अभ्यासाला ते फार महत्त्वाचं.

एखादं थडगं हवामान सांभाळूनही वाचवता आलं नाही तर काय, याचं उत्तर जपानने दिलं आहे. असुका इथलं ताकामात्सुझुका १९७२ मध्ये सापडलं. त्यातल्या पट्ट्यापट्ट्यांचे घागरे घातलेल्या स्त्रिया उत्तर कोरियाच्या सुसान-री थडग्यातल्या स्त्रियांची आठवण करून देतात. तिथे बाहेर वातानुकूलित खोली बांधली, बुरशीनाशकं वापरली, तज्ज्ञ ठराविक काळाने तपासत राहिले. तरीही बुरशी परतली आणि पांढऱ्या वाघाच्या रेषा फिकटत गेल्या. शेवटी २००७ मध्ये दगडी खोलीच सुटी करून शिळा बाहेर आणल्या आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम २०२० पर्यंत चाललं. शेजारच्या कितोरा थडग्यात गिलावा इतका सुटला होता की चित्रं तुकड्यातुकड्यांनी भिंतीवरून उतरवावी लागली. चित्र वाचलं, पण थडगं रिकामं झालं. गोगुर्योच्या थडग्यांबाबत हा मार्ग कुणी सुचवला तर मी विरोध करीन. तिथे दिशा, छत, वाटा आणि चित्र मिळून एकच अर्थ आहे. उत्तरेचं कासव उत्तरेच्या भिंतीवरच असावं लागतं.

मग करायचं काय? टेकाडावरची मोठी झाडं मुळांना धक्का न लावता कापायची, वरून पाणी झिरपणार नाही असा मातीचा थर द्यायचा, भोवती चर काढायचा, पण आधी तिथे पुरातत्त्वाची चाचणी करून. दार दुहेरी करायचं, मध्ये छोटी खोली ठेवायची. आत तापमान आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं ठेवून निदान एक पूर्ण वर्ष फक्त आकडे गोळा करायचे. त्या वर्षात सुटता पोपडा जपानी कागदाने (पातळ पण चिवट हातकागदाने) तात्पुरता धरून ठेवण्यापलीकडे भिंतीला हात लावायचा नाही. नंतर पोकळ झालेल्या गिलाव्यामागे चुन्याचंच पातळ मिश्रण सोडायचं, राळ नाही. युनेस्कोने दक्षिण कोरियाच्या निधीतून उत्तर कोरियात तिथल्याच तंत्रज्ञांना सोबत घेऊन सुसान-रीसारख्या ठिकाणी काम केलं आणि २००६ मध्ये दोन्ही कोरियांच्या तज्ज्ञांनी प्योंगयांग परिसरातल्या थडग्यांची एकत्र पाहणी केली. अशा गोष्टी राजकारणाच्या हवेवर अवलंबून असतात. वाट उघडी असते तेव्हा जास्तीत जास्त नोंदी करून घ्याव्यात.

चोरांचंही सांगायला हवं. २००० च्या सुमारास जीआनजवळच्या तीन खोल्यांच्या थडग्यातून आणि जांगचन क्रमांक १ मधून चित्रं कापून नेली गेली. जांगचनमध्ये छतावर बसलेला बुद्ध आणि त्याला साष्टांग नमस्कार घालणारं जोडपं होतं, कोरियाच्या कलेतल्या बुद्धप्रतिमांपैकी अगदी सुरुवातीची. त्या थडग्याचं जे नुकसान झालं ते भरून येणारं नाही. तिथल्या चित्रांचा अभ्यास आता मुख्यतः आधीच्या छायाचित्रांवरून होतो.

इथेच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. या विषयातलं निम्मं संशोधन थडग्यात होत नाही, नकलांवर होतं. १९१२ मध्ये जपानी अभ्यासक सेकिनो तादाशी यांच्या पाहणीबरोबर ओबा त्सुनेकिची आणि ओता फुकुझो या चित्रकारांनी गांगसोच्या चित्रांच्या मूळ आकाराच्या रंगीत नकला केल्या. त्या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता, आणि या पाहण्या त्या सत्तेच्या गरजेतून झाल्या हे विसरून चालणार नाही. पण त्या नकला तोक्योत आणि सोलमध्ये टिकल्या, आणि आज शंभर वर्षांत काय गेलं ते त्यांवरूनच मोजतात. अजिंठ्याचं नशीब वेगळं होतं. तिथल्या चित्रांच्या नकला करणारे ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या आणि त्यांच्यानंतरच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात वसाहतकाळातल्या सुमारे ३८ हजार काचेच्या छायाचित्रपट्ट्या आहेत, त्यांत या थडग्यांचीही आहेत.

नक्कल वाचताना एक काळजी घ्या. नक्कल करणारा आपल्या डोळ्याने तुटलेली रेषा जोडतो, फिकट रंग गडद करतो. त्यामुळे एकाच भागाची निदान तीन साक्षी शोधा: जुनी नक्कल, जुनं छायाचित्र, नवं छायाचित्र. नावांचाही घोळ असतो. एकाच थडग्याला कोरियन, चिनी आणि जपानी वेगवेगळी नावं, त्यामुळे तिन्ही टिपून ठेवा, नाहीतर एकच चित्र दोनदा मोजाल. अभिजात चिनी लिपी थोडी तरी शिका. दोकहुंग-रीचा लेख स्वतः अक्षर अक्षर लावून वाचला की अनुवादांमधले फरक दिसायला लागतात.

आणि मग एकच भिंत घ्या. मी माझ्या शिकाऊ मुलांना सुसान-रीची पश्चिमेकडची भिंत देते: छत्रीखाली चालणारी बाई, तिच्यामागच्या दासी, वर कसरती करणारे. तिचा पारदर्शक कागदावर आराखडा काढायचा, वर्षवार उपलब्ध छायाचित्रं त्यावर बसवायची आणि प्रत्येक वर्षी काय नाहीसं झालं ते वेगळ्या रंगाने भरायचं. पोपडा कुठून सुटायला लागतो, पाणी कुठून येत असावं, हे त्या रंगांच्या आकारावरून हळूहळू कळायला लागतं. डाग वरच्या कोपऱ्यातून खाली उतरत असेल तर छताचा सांधा बघायला हवा. जमिनीपासून वर चढत असेल तर चर.